पंधरवड्यात भरलेलं घर

कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला परवा पुन्हा पाटी लागली. जाड पुठ्ठा, काळी अक्षरं, ‘इस्टेट सेल’, आणि खाली वाकडा बाण. मी दूध आणायला निघालो होतो. पाटी दिसली तशी गाडी आपोआप हळू झाली आणि उजवा दंड मी जरा आखडून घेतला. पाटी दिसली की शेजारी बसलेली माझी बायको वच्छी तिथं चिमटा काढायची. या खेपेला कुणी काढला नाही. मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. वाजवू दे. त्याला कुठं जायची घाई होती कुणास ठाऊक. आमची घाई मला माहीत आहे, आम्हाला रांगेत पहिला नंबर लागायचा.

गणपती गेले, पंधरवडा बसला, झाडांची टोकं लाल व्हायला लागली. इथं अमेरिकेत, एडिसनमध्ये, ह्याच सुमाराला लोक दारात भोपळे मांडतात आणि झाडाला सांगाडे टांगतात. आपल्याकडं पितर जेवायला येतात, इथं सांगाडे वाऱ्यावर हलतात. ज्याची त्याची रीत. पण ह्याच दिवसांत मेलेल्यांच्या घरांची दारंही उघडतात. म्हातारं माणूस गेलं की पोरं प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावतात आणि कुणीही यावं, कपाटं उघडावीत, हवं ते न्यावं. शुक्रवारी सुरू, रविवारी अर्ध्या भावात, सोमवारी उरलेलं कचऱ्यात. लोक आंब्याच्या नाहीतर द्राक्षांच्या हंगामाची वाट बघतात. आम्ही दोघं ह्या हंगामाची वाट बघत होतो. म्हाळाच्या महिन्यातली खरेदी. तोंड वाकडं करायचं असेल त्यानं करावं.

हे सुरू झालं ते घर घेतलं त्या वर्षी. मी ब्रेडच्या कारखान्यात भट्टीवर होतो, वच्छी एका गोदामात साबणाच्या वड्या खोक्यात भरायची. भाड्याच्या दोन खोल्यांमधून आम्ही श्रावणात ह्या घरात आलो. आलो म्हणजे देव, चार पातेली, एक गादी आणि पोरगा राजू. खोल्या इतक्या रिकाम्या की खोकलं तरी घुमायचं. थोडी पैशांची जुळणी होते तोवर गणपती गेले. तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या पाटणकरवहिनींनी येऊन बजावलं, आता पंधरा दिवस खिळासुद्धा घ्यायचा नाही, पितृपक्षात नवं आणत नाहीत, काय घ्यायचं ते घटस्थापनेला घ्या.

वच्छी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “नवं आणायचं नाही ना? मग जुनं आणते.”

  आमच्या फलटणकडच्या बायका अशाच. शाळा चौथीपर्यंत, पण शास्त्रात फट कुठं आहे ते बरोबर दिसतं.

त्या पंधरवड्यात आमचं घर भरलं. टेबल, खुर्च्या, पलंग, आरसा, शिवणाचं मशीन, चमचे, गाळण्या, परकराच्या नाड्या ओवायच्या सुयासुद्धा. सगळं मेलेल्या माणसांचं. घटस्थापनेला नवं घ्यायला काही उरलंच नाही.

त्या घरांचा वास मला आजही ओळखू येतो. दार ढकललं की आधी डांबरगोळ्या, मग जुना गालिचा, मग कुठंतरी खोल मुरलेली कॉफी. भिंतीवर फोटो काढलेल्या जागी फिकट चौकोन. दाराच्या चौकटीला पोरांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा. बाथरूममध्ये अर्धी वापरलेली शाम्पूची बाटली, तिलाही चिठ्ठी. बाकीची गिऱ्हाइकं सरळ चांदीकडं, घड्याळांकडं, हत्यारांकडं धावायची. वच्छी आधी स्वयंपाकघरात जायची आणि ओट्यासमोर नुसती उभी राहायची. बाई कुठं उभी राहत होती ते फरशीवर दिसायचं, तेवढ्याच जागी फरशी झिजलेली असायची. त्या जागी स्वतःचे पाय ठेवून ही उभी. मग ड्रॉवर उघडायची. “अहो, हीपण माझ्यासारखी डावरी होती बघा,” म्हणायची. कसं कळलं विचारलं की म्हणायची, कळतं.

पहिल्याच सेलला आम्ही एक घोळ घातला. पायरीशी पोहोचलो आणि दोघांनीही जोडे काढले. दुसऱ्याच्या घरात, त्यात माणूस गेलेल्या घरात, जोडे घालून कसं शिरायचं? बाकीचे सगळे बूट खाडखाड वाजवत आत चाललेले. आम्ही पायमोज्यांवर तळघरापासून माळ्यापर्यंत हिंडलो. बाहेर आलो तर वच्छीच्या चपला जागेवर, माझे बूट गायब. पैसे घ्यायला टेबलापाशी बसलेल्या बाईला विचारलं तर ती गडबडली. पायरीवर ठेवलेले दिसले म्हणून कुणीतरी उचलून आणले, तिनं तोंडाला आली ती किंमत सांगितली आणि माणूस घेऊन गेला. माझे बूट, मी जिवंत असताना, सेलमध्ये गेले.

वच्छी हसता हसता पायरीवर बसली. तिचं हसणं थांबेना तशी ती बाईही हसायला लागली. मग आत गेली आणि मालकाच्या कपाटातून एक जोड घेऊन आली. तपकिरी, जाड तळाचे, नाडीचे. फुकट घ्या म्हणाली. मी मागं सरलो. मेलेल्याचा जोडा पायात घालणं म्हणजे काय ते आमच्याकडं कुणालाही विचारा. वच्छीनं त्या बाईला विचारलं, “मॅन नेम?” वॉल्टर, म्हणाली ती. वच्छी खाली वाकली, जोडे माझ्यासमोर सरळ मांडले आणि म्हणाली, “वॉल्टरदादांनी दिलेत, घाला. अनवाणी घरी आलात तर त्यांनाच वाईट वाटेल.”

घातले. असे बसले की जणू माझ्याच पायाचं माप घेऊन शिवले होते. दोनदा तळ बदलले, अजून चालतात.

तिथून तिची ती रीत पडली. नाव विचारल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही. चिठ्ठी बघायच्या आधी टेबलापाशी जायची आणि तिच्या त्या इंग्रजीत विचारायची, “लेडी नेम?” काही जण सांगायचे, काही खांदे उडवायचे. सेल लावणाऱ्या कंपनीची माणसं असली तर म्हणायची आम्हाला ठाऊक नाही. मग वस्तू कितीही आवडलेली असो, ठेवून द्यायची. निनावी बाईचं मी काही नेणार नाही, म्हणायची, तिनं मला स्वप्नात येऊन विचारलं तर काय हाक मारू?

लोखंडी तवा असा आला. तवा म्हणजे इथला, खोलगट, दांड्याचा, उचलायला दोन हात लागतील असा. टेबलाशी बसलेली बाई त्या घरातलीच लेक होती, पिकल्या केसांची. वच्छीनं नाव विचारलं तशी तिनं चष्मा काढला. हेलन, म्हणाली. मग बोलायलाच लागली. आई दर रविवारी ह्याच तव्यात मक्याची भाकरी करायची, केकसारखी फुगणारी, वगैरे. वच्छीला त्यातलं निम्मं कळलं नसेल. पण तिनं बाईचा हात धरला आणि दोघी रडल्या. भाषा दोन, नाक ओढायची तऱ्हा एक. मागं रांग खोळंबली होती, मी कानकोंडा झालो. हे बाकी खरं, मला अशा ठिकाणी कुठं बघावं कळत नाही.

तवा घरी आल्यावर पाटणकरवहिनी म्हणाल्या, त्या लोकांनी त्यावर काय काय भाजलं असेल देव जाणे. वच्छीनं तो मागच्या अंगणात कोळशावर लालभडक तापवला, चिंचेनं घासला, तेल पाजलं, हळदकुंकू लावलं. मग त्यावर कांद्याचं थालीपीठ लावलं आणि पहिलं वहिनींच्याच ताटात घातलं. वहिनींनी दोन खाल्ली. तेव्हापासून आमच्याकडं ‘तवा दे’ असं कुणी म्हणालं नाही. हेलन दे. रूथवर पडदे शिवून घेते. ॲनामारी जपून उचला हो. ॲनामारी म्हणजे उंच पायाची काचेची थाळी आणि तिच्यावरचं काचेचं झाकण. त्यात तिच्या घरी केक बसत असेल, आमच्याकडं गणपती बसला. वरून झाकण, म्हणजे धूळ बसायला नको. तेच झाकण पाटणकरवहिनी दर सत्यनारायणाला मागून न्यायच्या, आणि परत करताना दर वेळी म्हणायच्या, मेलेल्यांचं घरात ठेवू नये बाई.

सर्वपित्रीला वच्छी मागच्या पायरीवर पान ठेवायची. माझे आईवडील, तिचे आईवडील, तिचा पाण्यात गेलेला भाऊ. त्यांची नावं घेऊन झाली की न थांबता पुढं, हेलन, रूथ, ॲनामारी, वॉल्टर. एकदा मी म्हटलं, अगं, ते लोक वेगळे, त्यांचा देव वेगळा, त्यांना आपली गवारीची भाजी चालायची नाही. ती म्हणाली, “त्यांच्या ताटात आपण जेवतो, आपल्या ताटात त्यांनी जेवलं तर काय बिघडलं?” कावळा काही यायचा नाही. खार यायची आणि वडा पळवायची. चालतंय, म्हणायची, पोचल्याशी कारण.

ती गेल्या वर्षी आषाढात गेली. वर्षश्राद्ध झालं. लोक सांगतात, काका, मन रमवा. वहिनी म्हणतात, अहेव गेली, भाग्याची गेली. नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट गेली म्हणून भाग्य. आयुष्यभर बायका एकमेकींना हाच आशीर्वाद देतात. मला कुणी विचारलं होतं का? तिच्या कपाळावरचं भाग्य माझ्या वाट्यातून कापून दिलंय. आणि घर शांत होतं म्हणतात, तेही खोटं. घर बोंबलतं. फ्रिज घरघरतो, जिना करकरतो, पाइपात पाणी ओरडतं. इतकी वर्षं ती बोलत होती म्हणून ऐकू येत नव्हतं, एवढंच.

उन्हाळ्यात मी त्या जिन्यावरून पडलो. हाड वाचलं, पण राजूनं ठरवलं, घर विकायचं आणि मी मॉरिसव्हिलला त्याच्याकडं जायचं. मी हो म्हटलं. एकट्यानं हट्ट करून जिन्याखाली मरून पडण्यात काही शौर्य नाही. भांडण झालं ते घरातल्या वस्तूंवरून.

सेल लावणाऱ्या कंपनीची एक बाई बघून गेली. सगळ्या खोल्या हिंडली आणि गोड बोलून म्हणाली की ह्यात विकण्यासारखं काही नाही, असं लाकडी सामान आता कुणी घेत नाही. राजू फोनवर म्हणाला, मग प्रश्नच मिटला, कचऱ्याचा मोठा डंपस्टर मागवू, एका दिवसात घर क्लीन. मी म्हटलं, सेल मी लावतो.

तो विमानानं आला. बैठकीत उभ्या उभ्याच म्हणाला, “बाबा, आय कान्ट. लोक येणार, आईच्या वस्तूंना हात लावणार, बार्गेन करणार. मला नाही बघवणार.”

“आणि कचऱ्यात टाकलेलं बघवेल?”

“टाकलं की संपतं. कुणाच्या हातात बघावं लागत नाही.”

पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याचे डोळे आईचे आहेत, भरले की खाली बघतो. पण माझंही डोकं सटकलं होतं. मी म्हटलं, “राजू, ह्यातली एकही वस्तू तुझ्या आईची नव्हती. सगळ्या कुणाच्या तरी आईच्या होत्या. त्यांच्या पोरांनी डंपस्टर मागवला असता तर तू थालीपीठ कशावर खाल्लं असतंस?”

“इट्स नॉट द सेम, बाबा.”

“तेच आहे. तुझी आई त्यांच्यापेक्षा वेगळी कशी काय मेली?”

फार झालं ते. तो उठून गाडीत जाऊन बसला. मी काही समजूत काढायला गेलो नाही. मी चिकटपट्टी घेतली आणि लिहायला बसलो. किमती नाही, नावं. माझं इंग्रजी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. HELEN, आणि त्याखाली VATSALA. RUTH, खाली VATSALA. प्रत्येक वस्तूला दोन बायका. दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली, जोडे बाहेर काढा, जोडे विकायचे नाहीत.

दिवस मी मुद्दाम निवडला. अविधवा नवमी, आमच्याकडं अहेव नवमी म्हणतात, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी. इथं लोक तिथ्याही शनिवारवर सरकवतात, पण ह्या खेपेला नवमी स्वतःहूनच शनिवारी आली. त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची असते. पाटणकरवहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, एकतर बाजार मांडा नाहीतर जेवण घाला, पितरांच्या दिवशी दोन्ही चालायचं नाही. मी म्हटलं दोन्ही होणार. त्या म्हणाल्या मग मी येणार नाही. मी म्हटलं बरं.

सकाळीच खीर केली. वडे तळले, काही फुटले. भाजी खारट झाली. मागच्या पायरीवर पान ठेवलं, खार यायची ती आलीच.

लोक आले. पायरीवर जोड्यांचा ढीग बघून काही तसेच परत गेले, जाऊ दे. बाकीचे मोज्यांवर हिंडले. एक दुकानदार आला, जुन्या वस्तूंचा धंदा करणारा. त्यानं लोखंडाची, पितळेची सगळी भांडी एका कोपऱ्यात ओढली आणि म्हणाला, सगळ्याचं मिळून सांग. मी एकेकीचं नाव सांगायला लागलो तर हातानं थांबवलं, नावाशी मला काय करायचंय, आकडा बोल. मी म्हटलं, नावाशिवाय आकडा नाही. तो हसला, मग चिडला, मग गेला. भांडी मी पुन्हा जागेवर लावली. दुपारी पाटणकर एकटेच आले. वहिनींनी पाठवलं होतं, ते काचेचं झाकण तेवढं राखून ठेवा म्हणून. मी म्हटलं, नाव सांगा. बिचारे घुटमळले. “ॲनामारी,” म्हणाले, “आणि मग आमच्या वच्छीवहिनी.” दिलं.

राजू सगळा वेळ गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. फोनकडं बघत होता, पण फोनचा पडदा काळा होता.

मग ती आली. तरुण, दंडावर फुलांचं गोंदण, अंगात दवाखान्यातल्या कामाचा निळा वेष. तिनं पायरीवर पांढरे बूट काढून नीट जोडून ठेवले. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यासमोर उभी राहिली. जिथं फरशी झिजलेली आहे, तिथंच. मी दारातून बघत होतो.  मग तिनं हेलनचा तवा दोन्ही हातांनी उचलला, चिकटपट्टी वाचली आणि माझ्याकडं वळून विचारलं, ह्या दोघी कोण?

 एवढी तयारी केलेली, सकाळपासून सगळ्यांना खडखडीत सांगितलेलं, आणि ऐन वेळी मी दाराच्या चौकटीवरचा डाग नखानं खरवडत राहिलो.

मागून राजू म्हणाला, “वत्सला वॉज माय मॉम. बिफोर हर, इट वॉज हेलन्स.” तो कधी आत आला मला कळलं नाही. पायात बूट नव्हते. त्यानं तिच्या हातातला तवा घेतला. मला वाटलं आता हा देणार नाही. बुडावरून अंगठा फिरवला, आईची सवय ती. मग परत तिच्या हातात दिला आणि म्हणाला, “नो सोप. शी विल यल ॲट यू.”

ती हसली. मी तोवर जागेवर आलो. तिला विचारलं, हजबंड आहे? ती चमकली, आता म्हातारा काय विचारतोय. खिडकीतून बोट दाखवलं, बाहेर गाडीत एकजण बाळाला खेळवत होता. मी म्हटलं, झाली सवाष्ण. राजूनं तिला इंग्रजीत काय सांगितलं ते त्यालाच माहीत, पण ती टेबलाशी बसली. खीर खाल्ली, फुटलेला वडा खाल्ला, खारट भाजीसुद्धा संपवली. पुरुषानं ओटी भरायची नसते. मी भरली. तवा मांडीवर होता, त्यातच तांदूळ आणि नारळ घातला. शास्त्राला काय वाटायचं ते वाटू दे, वच्छीला फट सापडली असती.

गाडीपाशी जाऊन ती नवऱ्याला तव्यातला नारळ दाखवत होती. तिचे ओठ हलताना दिसले. हेलन, म्हणाली असावी. मग दुसरं नाव, जरा अडखळत.

संध्याकाळी घर बरंचसं रिकामं झालं. उरलेल्याला उद्या कुणीतरी येईल. राजू चिकटपट्टीचे पडलेले तुकडे उचलत होता आणि कचऱ्याच्या पिशवीत न टाकता खिशात घालत होता. मी बघितलं नाही असं दाखवलं. मी खोकलो, तर खोल्या पुन्हा घुमल्या, त्या श्रावणातल्यासारख्या.

बाहेर पायरीवर एकच जोड उरला होता, वॉल्टरचा. राजू म्हणाला, बाबा, हे तरी टाकू या, मॉरिसव्हिलला नवे घेऊ. मी नाड्या बांधल्या. तिथंही म्हातारी माणसं मरत असतीलच, खांबांना पाट्या लागत असतीलच. पुढच्या पंधरवड्यात मी त्या रांगेत असेन, आणि दारात हेच जोडे काढीन. नेले कुणी, तर त्यानं आधी नाव विचारावं.